तळ्याकाठची एक फेरी : ट्रेलर, यलोस्टोन आणि एकट्याची शांतता



आपल्या मासिकाच्या मराठी विभागात एक तरी ट्रेकचा लेख असतोच. राजगड, हरिश्चंद्रगड, रतनगड... आपल्याला सगळे पाठ आहेत. हा लेख त्या जातीचा नाही. हा चक्क अभ्यासाचा लेख आहे. यात थोडं गणित आहे, स्टीम टेबल आहे आणि शेवटी प्रश्नसुद्धा आहेत. (पान उलटू नका, मार्क नाहीत!)

विषय असा : एक माणूस, एक मोटार, तिच्यामागे जोडलेला राहायचा ट्रेलर, आणि एका तळ्याकाठी पावणेचार किलोमीटरची शांत फेरी. अमेरिकेत हा प्रकार भलताच लोकप्रिय आहे. 'सोलो ट्रेलर कॅम्पिंग' म्हणतात त्याला. फोटो तुम्हीही पाहिले असतील. एक घडीची खुर्ची, वाफाळणारा कप आणि समोर आरशासारखं तळं. बघून वाटतं, क्या बात है! जर्नल नाही, व्हायवा नाही, रूममेटचा अलार्म नाही.

पण आपण इंजिनिअरिंगवाले. छान चालणारं मशीन दिसलं की आपण विचारतो, हे चालतं कसं? मग शांततेबद्दलही तोच प्रश्न विचारायला काय हरकत आहे? मी हा प्रवास नकाशा, पार्कचे नियम आणि आपल्याच सिलॅबसमधलं सायन्स हाताशी घेऊन कागदावर केला आहे. तुम्हीही चला बरोबर. 'समजा' म्हणून सुरुवात करायची सवय आपल्याला आहेच.

१. जागा

समजा, आपण यलोस्टोनला आहोत. १ मार्च १८७२ रोजी जाहीर झालेलं हे जगातलं पहिलं नॅशनल पार्क. बहुतेक भाग वायोमिंग राज्यात, थोडा मोंटाना आणि आयडाहोमध्ये. क्षेत्रफळ सुमारे ९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या जवळजवळ अडीचपट.

या पार्कात यलोस्टोन लेक आहे. 'तळं' म्हटलं की आपल्याला गावाबाहेरचं, म्हशी डुंबणारं तळं आठवतं. हे तसलं नाही. पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर, किनारा सुमारे २२७ किलोमीटर आणि जास्तीत जास्त खोली १२० मीटरहून अधिक. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २,३५७ मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर या तळ्याच्या पाण्यापेक्षाही ७०० मीटर खाली राहतं!

डिसेंबरच्या सुमारास हे तळं गोठतं आणि बर्फ मे-अखेरीस किंवा जूनमध्ये वितळतं. ऐन उन्हाळ्यातही पाणी इतकं गार, की पोहायचा विचार डोक्यातून काढून टाकायचा. थंडीने काही मिनिटांत हातपाय काम देईनासे होतात. म्हणून आपण फक्त काठाने चालणार आहोत.

२. उलाळ गाडीचं गणित

फेरीच्या आधी तिथे पोचायला हवं, आणि ट्रेलर ओढणं हा काही खेळ नाही. आपल्याकडे बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी 'उलाळ' होते. जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेवरचा ताबा सुटतो. शेतकऱ्याला हे कळायला अप्लाइड मेकॅनिक्स लागलं नाही. ट्रेलरचं तत्त्व अगदी हेच आहे.

ट्रेलरचा पुढचा दांडा मोटारीच्या मागच्या गोळ्यावर बसतो. त्या गोळ्यावर खाली दाबणारं जे वजन असतं त्याला 'टंग वेट' म्हणतात. नेहमीच्या ट्रेलरसाठी ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं असा दंडक आहे. त्याहून जास्त झालं तर मोटारीची मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट लागत नाही. कमी झालं तर त्याहून वाईट. ट्रेलर शेपटी हलवायला लागतो.

आता आकडे घेऊ. ट्रेलरचं वजन १,५०० किलो, टंग वेट १८० किलो, म्हणजे १२ टक्के. सगळं ठीक. गोळ्यापासून ॲक्सल ४ मीटरवर आहे. तुम्ही निघताना पाण्याची १०० लिटरची टाकी भरली आणि ती टाकी ॲक्सलच्या १.५ मीटर मागे आहे. ॲक्सलभोवती मोमेंट घ्या : १०० × १.५ ÷ ४ = ३७.५ किलो. एवढा भार गोळ्यावरून उचलला गेला. नवं टंग वेट १४२.५ किलो, नवं एकूण वजन १,६०० किलो. भागाकार केला तर ८.९ टक्के. बघा! वजन वाढलं आणि दांडा मात्र हलका झाला. गाडी उलाळ झाली.

अशा ट्रेलरला हायवेवर बाजूने वारा लागला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की तो डावी-उजवीकडे झुलू लागतो. कमी वेगात हे झुलणं आपोआप विरतं. पण वेगाची एक मर्यादा ओलांडली की डॅम्पिंग उलटं होतं आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा येतो. त्या वेळी मोटारीचा ब्रेक दाबणं घातक ठरतं. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक कंट्रोलरने हाताने लावायचे.

याशिवाय सुरक्षेच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे दांड्याखाली आडव्या फुलीसारख्या बांधलेल्या साखळ्या. ट्रेलर गोळ्यावरून निसटला तरी दांडा रस्त्यावर न आपटता त्या फुलीत अडकतो. दुसरी म्हणजे ब्रेकअवे स्विच. ट्रेलर सुटला की एक वायर ओढली जाते आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर स्वतःचे ब्रेक लावतो.

उंचीचाही हिशेब धरायला हवा. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्क्यांनी घटते. तळ्याच्या उंचीवर पोचेपर्यंत जवळजवळ पावपट ताकद गेलेली असते. चढावर ट्रेलर जड वाटतो तो त्यामुळेच, आणि उतारावर फक्त ब्रेकवर विसंबायचं नसतं, खालचा गिअर टाकायचा.

३. मुक्काम

तळ्याच्या उत्तर काठावर फिशिंग ब्रिज नावाची जागा आहे. तिथल्या मोठ्या ट्रेलर-तळावर वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. एक नियम मात्र कडक. भिंती पक्क्या असलेलीच गाडी हवी. तंबू चालत नाही, कापडी भिंतींचा घडीचा ट्रेलरही चालत नाही. कारण? हा ग्रिझली अस्वलांचा इलाका आहे.

जागेवर ट्रेलर लावताना क्रम चुकवून चालत नाही. आधी डावी-उजवी बाजू समपातळीत आणायची. गवंडी पाणसळ लावतो तसंच. मग चाकांना पुढून-मागून अडकण लावायची, आपल्याकडे ट्रकच्या चाकाखाली दगड लावतात तशी. त्यानंतरच ट्रेलर मोटारीपासून सोडायचा, आणि शेवटी पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी जुळवायची. अडकण लावायच्या आधी ट्रेलर सोडला तर तो एकटाच फिरायला निघेल!

पातळीचा एवढा आग्रह कशासाठी? झोपताना डोकं खाली जाऊ नये हे एक कारण. दुसरं जास्त मजेशीर आहे. अनेक ट्रेलरमधला फ्रिज कॉम्प्रेसरचा नसतो, ॲब्सॉर्प्शन पद्धतीचा असतो. आर.ए.सी.च्या पेपरात येतो तोच, अमोनिया, पाणी आणि हायड्रोजनवाला. त्यात पंप नाही. द्रव फक्त गुरुत्वाकर्षणाने उतरतो. ट्रेलर बराच तिरका राहिला तर द्रव नळ्यांमध्ये साचतो, चक्र थांबतं आणि फ्रिज खराब होऊ शकतो. हा फ्रिज गॅसच्या ज्योतीवरही चालतो, आणि शेगडी-हीटरही गॅसवरच. म्हणून ट्रेलरमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे की नाही हे रोज बघायचं. त्या वायूला वास नसतो आणि एकट्या माणसाला झोपेतून उठवायला दुसरं कुणी नसतं.

इथेच या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. दोघं असली की एक काम करतो आणि दुसरा सहज विचारतो, "साखळी लावलीस ना रे?" एकटं असलं की विचारणारं कुणी नाही. म्हणून एकटे फिरणारे लोक वैमानिकांसारखी चेकलिस्ट ठेवतात आणि मोठ्याने वाचतात. आपल्या वर्कशॉपमध्ये लेथ सुरू करण्याआधी चक-की काढली का हे सर विचारतात, तेच काम तो कागद करतो.

४. फेरीची वेळ

फिशिंग ब्रिजपासून पूर्वेला साधारण पाच किलोमीटरवर इंडियन पाँड नावाचं छोटं तळं आहे. तिथून स्टॉर्म पॉइंट ही पायवाट सुरू होते. गोल फेरी, ३.७ किलोमीटर, जवळजवळ सपाट. दीड तास पुरे.

कधी निघायचं? पहाटे आणि संध्याकाळी अस्वलं जास्त हिंडतात, म्हणून तेव्हा नाही. दुपारनंतर नैर्ऋत्येचा वारा सुटतो. वाऱ्याला पाण्यावर जेवढी मोकळी लांबी मिळते तेवढ्या लाटा वाढतात, आणि या तळ्याची लांबी ३० किलोमीटरच्या आसपास आहे. स्टॉर्म पॉइंटला हे वादळी नाव मिळालं ते याच वाऱ्यामुळे. तेव्हा धुकं विरल्यावर आणि वारा सुटायच्या आधी, सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला निघावं. जूनच्या आसपास ही वाट अस्वलांमुळे पुष्कळदा बंद ठेवतात. म्हणून आपण ऑगस्टचा शेवट धरू आणि निघण्यापूर्वी व्हिजिटर सेंटरमध्ये चौकशी करू.

शांत सकाळी एक गंमत जाणवते. लांबच्या नावेतलं बोलणं अगदी शेजारून आल्यासारखं ऐकू येतं. कारण गार पाण्यामुळे लगतची हवा गार असते आणि वरची कोमट. कोमट हवेत ध्वनीचा वेग जास्त, म्हणून वर जाणाऱ्या ध्वनिलहरी वाकून पुन्हा पाण्याकडे येतात. जो आवाज आकाशात जायचा तो आपल्या कानात येतो. आपल्याला शांतता 'गाढ' वाटते याचं एक कारण हेही आहे. तिथे लहान आवाजसुद्धा हरवत नाहीत.

५. चला, चालू लागू

सुरुवातीलाच इंडियन पाँड लागतं. गोल, निळं, देखणं. काठच्या कुरणात कधी बायसन चरताना दिसतात. नियम असा : बायसन आणि एल्कपासून किमान २३ मीटर, अस्वल आणि लांडग्यापासून किमान ९१ मीटर. २३ मीटर म्हणजे क्रिकेटच्या पिचपेक्षा थोडं जास्त. बायसन म्हशीसारखा सुस्त दिसतो, पण ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावू शकतो. पार्कात अस्वलांपेक्षा जास्त माणसं बायसनमुळे जखमी होतात.

आता त्या सुंदर गोल तळ्याकडे पुन्हा बघा. गोल का? तर तो स्फोटाचा खड्डा आहे! सुमारे ३ हजार वर्षांपूर्वी इथे जमिनीखालच्या तापलेल्या पाण्याचा स्फोट झाला. शेजारची मेरी बे नावाची खाडीही अशीच, सुमारे अडीच किलोमीटर रुंद, १३ ते १४ हजार वर्षांपूर्वीची. या जातीचा माहीत असलेला जगातला सर्वांत मोठा खड्डा तो हाच. आपलं लोणारही गोल, पण त्याची गोष्ट वेगळी. ते उल्केच्या आघाताने झालं, म्हणजे वरून बसलेल्या दणक्याने. इथला दणका खालून आला.

हे समजायला प्रेशर कुकर पुरतो. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० अंशांपर्यंत द्रवच राहतं. समजा झाकण एकदम उडालं. दाब गेला, आणि त्या तापलेल्या पाण्यातल्या काही भागाची क्षणात वाफ झाली. वाफेला पाण्यापेक्षा हजारपटीहून जास्त जागा लागते. ती जागा कुठून मिळणार? खडक फोडून! यलोस्टोनच्या पोटात असे कुकर कायम शिजत असतात, कारण तळ्याचा बराच भाग एका प्रचंड ज्वालामुखीच्या कॅल्डेरात आहे. तो कॅल्डेरा ६ लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच्या उद्रेकात खचून तयार झाला. आणि हे काही फक्त इतिहासातलं नाही. २३ जुलै २०२४ रोजी याच पार्कात, पण तळ्यापासून दूर असलेल्या बिस्किट बेसिनमध्ये असाच एक लहान स्फोट झाला. लाकडी पायवाट मोडली, लोक धावत सुटले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

म्हणून गरम झऱ्यांच्या भागात लाकडी वाट सोडायची नाही, हा नियम. वरचा पापुद्रा दिसायला घट्ट आणि खाली उकळतं पाणी. आजवर या पार्कातल्या गरम झऱ्यांत २० हून अधिक माणसांचा जीव गेला आहे.

वाट पुढे तळ्याच्या काठाला भिडते आणि मग येतो स्टॉर्म पॉइंट. उघडा, खडकाळ सुळका. सिव्हिलवाल्यांनो, हा खडक बघून घ्या. ही मुळात किनाऱ्याची वाळू. गरम पाण्याने आणलेल्या सिलिकाने ती जोडली गेली. थोडक्यात काय, निसर्गाचं काँक्रीट. त्याच्या फटींमध्ये पिवळ्या पोटाचे मार्मॉट राहतात. खारीच्या कुळातले, पण चांगले मांजराएवढे गलेलठ्ठ. उन्हात पालथे पडलेले असतात, रविवारी सकाळच्या हॉस्टेलसारखे!

इथे बसा जरा. समोर स्टीव्हन्सन बेट दिसतं. पाणी निळंशार, वाऱ्याची झुळूक. आणि आता स्टीम टेबल काढा. त्या बेटाच्या पूर्वेला तळाशी संशोधकांना १७० अंश सेल्सिअसहून गरम झरे सापडले आहेत. तळ्यात १७० अंशांचं पाणी, आणि उकळत कसं नाही? हिशेब करू. १२० मीटर खोलीवर पाण्याचा दाब ११.८ बार. त्यात या उंचीवरच्या हवेचा ०.७६ बार मिळवा. झाले साधारण १२.५ बार. स्टीम टेबलमध्ये या दाबाला उकळबिंदू मिळतो सुमारे १९० अंश. म्हणजे १७०चं पाणी तिथे निमूटपणे पाणीच राहतं. आणि तुम्ही ट्रेलरमध्ये चहाला ठेवलेलं पाणी? ते ०.७६ बारला सुमारे ९२-९३ अंशांनाच उकळतं. एकाच तळ्याच्या काठावर आणि तळाशी उकळबिंदूत जवळजवळ १०० अंशांचा फरक. थर्मोच्या तासाला कुणी हे उदाहरण दिलं असतं तर मी मागच्या बाकावर बसले नसते.

वरून आरसा, खालून बॉयलर. शांतता म्हणजे काही चाललेलं नाही असं नव्हे. बरंच काही चाललेलं असतं, फक्त तोलात असतं.

६. तोल गेल्यावर

तोल गेला की काय होतं, त्याचं उदाहरण याच तळ्यात आहे. इथला मूळचा मासा म्हणजे यलोस्टोन कटथ्रोट ट्राउट. दर वसंतात-उन्हाळ्यात तो अंडी घालायला उथळ ओढ्यांत चढतो. तिथे अस्वलं, गरुड, ऑस्प्रे आणि पाणमांजरं त्याच्यावर जगतात. फिशिंग ब्रिज हे नाव पडलं तेही लोक त्या पुलावरून गळ टाकायचे म्हणून. मासे घटू लागले तेव्हा, १९७३ मध्ये, पुलावरची मासेमारी बंद झाली. नाव फिशिंग ब्रिज आणि मासेमारीला मनाई!

मग १९९४ मध्ये तळ्यात एक परका मासा सापडला, लेक ट्राउट. जवळच्या लुईस लेकमध्ये तो १८९० साली माणसांनीच सोडला होता. तिथून तो या तळ्यात आला तोही कुणीतरी बेकायदा आणून टाकल्यामुळे, असं संशोधनातून दिसतं. लेक ट्राउट मोठा होतो आणि कटथ्रोटला खातो. शिवाय तो खोल पाण्यात राहतो आणि अंडीही तळ्यातच घालतो, ओढ्यात येत नाही. म्हणजे अस्वलाच्या आणि गरुडाच्या ताटातला मासा गेला, आणि त्याच्या जागी जो आला तो त्यांच्या हाती लागत नाही. क्लिअर क्रीक नावाच्या एका ओढ्यात १९७८ मध्ये ७० हजारांच्या आसपास कटथ्रोट चढले होते. २००७ पर्यंत तो आकडा हजाराच्याही खाली आला. अस्वलं मग एल्कच्या पाडसांकडे जास्त वळली, असंही अभ्यासातून पुढे आलं.

आणि हे सगळं होत असताना वरून पाणी तस्संच निळं! फोटोत काही फरक दिसला नसता.

पार्कने हार मानली नाही. दरवर्षी बोटी जाळी टाकतात. आजवर ४० लाखांहून अधिक लेक ट्राउट काढले आहेत. काही माशांच्या पोटात रेडिओ ट्रान्समीटर बसवून सोडतात. ते आपल्या जातभाईंच्या अंडी घालायच्या जागांवर जातात आणि मागोमाग बोटी पोचतात. ई अँड टी.सी.वाल्यांनो, टेलिमेट्रीचा असाही उपयोग असतो. कटथ्रोट हळूहळू सावरतो आहे. पण काम थांबवलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कुणीतरी काही मासे आणून टाकले, आणि त्याची डागडुजी तीस वर्षं चालू आहे.

७. एकटं म्हणजे कसं?

परतीची वाट लॉजपोल पाइनच्या दाट झाडीतून जाते. पुढचं वळण दिसत नाही. इथे शांत माणसाने काय करायचं? आवाज करायचा! अधूनमधून टाळ्या वाजवायच्या, मोठ्याने बोलायचं. अस्वलाला आपण येतोय हे आधी कळलं की ते बहुधा स्वतःच बाजूला होतं. अचानक समोर आलो तर बिथरतं. आपल्या शेतकऱ्यांची घुंगुरकाठी आठवा. रात्री बांधावरून जाताना काठी आपटत जायचं, की साप-किरडू वाटेतून सरकतं. प्राणी वेगळा, अक्कल तीच.

कमरेला अस्वलाचा स्प्रे हवा. तिखटाच्याच अर्काचा असतो तो. पिशवीच्या तळाशी नाही, हात लगेच पोचेल असा. आणि पार्कचा सल्ला तर स्पष्ट आहे : शक्यतो तिघा-चौघांनी मिळून चाला. ऑगस्ट २०१५ मध्ये याच तळ्याजवळच्या एलिफंट बॅक पायवाटेच्या परिसरात एकट्याने फिरणाऱ्या एका माणसाचा ग्रिझली मादीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्याच्याजवळ स्प्रे नव्हता. पुढे त्या मादीलाही मारण्यात आलं आणि तिची दोन पिल्लं प्राणिसंग्रहालयात गेली. म्हणजे एका भेटीची किंमत दोन्हीकडून मोजली गेली.

आता तुम्ही म्हणाल, मग एकट्याने जायचंच कशाला? हा प्रश्न मुलींना तर जरा जास्तच विचारला जातो. "एकटी? कशाला?" माझं उत्तर असं आहे. एकटं जाणं म्हणजे कुणाला न सांगता जाणं नव्हे. ट्रेलर घेऊन एकट्याने गेलेला शहाणा माणूस फेरीपुरता चार जणांच्या मागे-पुढे चालू शकतो. सकाळी नऊ-दहाला ती वाट ओस नसते. रेंजरच्या माहितीप्रमाणे गटाबरोबर जाता येतं. निघताना शेजारच्या ट्रेलरमधल्या काकूंना सांगता येतं, "मी स्टॉर्म पॉइंटला जातेय, साडेबारापर्यंत परतेन." मोबाइलला रेंज नसेल हे गृहीत धरून घरी आधीच ठरलेली वेळ कळवता येते. एवढं केल्यावर जे मन मोकळं होतं ना, तीच फोटोतली शांतता. ती तळ्यात नसते. ती ज्याने पाना फिरवला, साखळी तपासली, कुणाला तरी सांगून ठेवलं आणि पाण्याला काही त्रास दिला नाही, त्याच्याकडे असते.

आई-बाबांशी वाद घालताना "माझ्यावर विश्वास नाही का?" असं म्हणण्यापेक्षा ही चेकलिस्ट समोर ठेवलेली बरी. विश्वासाचं काम निम्मं तोच कागद करतो.

घरचा अभ्यास

१. वरच्या उदाहरणात टंग वेट १२ टक्केच राहावं म्हणून पाण्याची टाकी कुठे बसवाल? (उत्तर : ॲक्सलच्या पुढे सुमारे अर्धा मीटर. मोमेंट घेऊन पडताळून बघा.)

२. कळसूबाईच्या माथ्यावर पाणी किती अंशांना उकळेल? हवेचा दाब काढा, मग स्टीम टेबल उघडा.

३. तुमच्या गावच्या तळ्यात बाहेरून आलेलं काय काय आहे? जलपर्णी, तिलापिया, निर्माल्याच्या पिशव्या... यादी करा. कोणी आणलं तेही लिहा.

४. पुढच्या ट्रेकला निघण्यापूर्वी रेक्टर सरांकडे तीन ओळी लिहून द्या : कुठे जातोय, कुठल्या वाटेने, किती वाजता परत. आणि परत आल्यावर 'आलो' म्हणून सांगायला विसरू नका. ते वाट बघत असतात.

— एक विद्यार्थिनी, टी.ई. मेकॅनिकल